शेतातलं टेकाड, गढीमागची पांढरी आणि जुनी थडगी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या घरी जुनी जमीन आहे, देशमुखी म्हणा पाटीलकी म्हणा इनाम म्हणा, त्यांच्या शिवारात एखादं तरी टेकाड असतंच आणि त्याच्यावरून गावात दहा गोष्टी असतात. आमच्या मराठवाड्यातल्या भावकीच्या सामाईक जमिनीत पण गढीच्या मागं पांढरी आहे, वरच्या माळावर दगडांचे ढीग आहेत, त्यामुळं सोयरे, गावातली पोरं, प्लॉटिंगवाले, माती विकत मागणारे, सगळे फिरून फिरून तेच विचारतात. म्हणून एकदाच लिहून टाकलं. कायद्याचं जे लिहिलंय ते नुसतं अंदाज यावा म्हणून, खरंच प्रकरण असेल तर वकील गाठा.

आमच्या रानात टेकाड आहे, ते जुनं थडगं असेल का?

बहुतेक वेळा नाही. आपल्याकडं टेकाड दिसलं की आधी पांढरीचा विचार करायचा, म्हणजे जुन्या वस्तीची जागा. नाहीतर पडलेली गढी असते, तिच्या मातीच्या भिंती पावसानं बसत बसत शेवटी नुसता डोंगर राहतो आणि वर बाभळी अन् तरवड माजतो. लातूर, नांदेड, धाराशिवकडं लिंगायत घरांमधी माणसाला बसवून पुरायची रीत आहे आणि कित्येकांच्या समाध्या स्वतःच्याच रानात आहेत, गोसाव्यांच्या पण असतात, त्या दोनशे वर्षांच्या असू शकतात नाहीतर आजोबांच्या पण. माळावरचे नुसते दगडांचे ढीग असतील तर ते कुणीतरी रान साफ करताना वेचून टाकलेले धोंडे असतात. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात, बहात्तरच्या दुष्काळात गावोगाव खडी फोडायची कामं निघाली होती, त्यातले कितीतरी ढीग तसेच पडून राहिले, त्याला आता नातवंडं पांडवांचे दगड म्हणायला लागलीत.

या सगळ्यातून उरलं तर मग थडग्याचं बघू.

पांढरी म्हणजे नेमकं काय असतं?

गावाची जमीन दोन तऱ्हेची, पिकती ती काळी आणि राहती ती पांढरी, हे सगळ्यांना माहितच आहे. पण ती पांढरी का होते? तर तिथं शेकडो वर्षं माणसं राहिली, चुलीची राख, गोठ्यातलं शेण, पडलेल्या भिंती, चुना, हाडं, खापरं, सगळं एकावर एक साचत गेलं. घर पडलं की त्याच जागेवर दुसरं उभं राहायचं, अशानं जागा उंच होत जाते आणि मातीचा रंग राखाडी पांढरट होतो. ही माती चिकट आणि पाणी लवकर आत न सोडणारी, म्हणून माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, पसरायला आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या तिथूनच आणतात, आणि रानात खत म्हणून पण टाकतात.

मराठवाड्यातली कितीतरी मोठी जुनी गावं अशाच टेकाडांवर आहेत. पैठण, म्हणजे प्रतिष्ठान. तेर, म्हणजे तगर. भोकरदन, म्हणजे भोगवर्धन. तिथं सातवाहनांच्या काळातलं म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं शहर आजच्या घरांच्या खाली आहे. तेरला तर तुम्ही बघितलं असेल, पाऊस पडून गेला की टेकाडाच्या उतारावर मणी आणि खापरं उघडी पडतात, गोरोबाकाकांच्या गावात खापरांना काय तोटा म्हणा. पैठणजवळचं आपेगाव, ज्ञानोबांचं म्हणून आपण जातो ते, तिथं तर १९७० च्या दशकात उत्खनन झालं आणि सातवाहनांच्याही आधीची, तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती निघाली. त्या काळाला ताम्रपाषाण म्हणतात.

मग त्या जुन्या लोकांनी मेलेली माणसं कुठं पुरली? पांढरीपासून लांब माळावर?

इथंच खरी गंमत आहे. ताम्रपाषाण काळातल्या लोकांनी आपली माणसं घरातच पुरली, सारवलेल्या जमिनीखाली.

सगळ्यात चांगली माहिती इनामगावची आहे, पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथं १९६८ पासून १९८२-८३ पर्यंत खोदकाम केलं, सांकळिया, ढवळीकर, अन्सारी ही पुरातत्त्वातली सगळी मोठी माणसं त्यात होती. दोनशेहून जास्त दफनं निघाली आणि त्यात लहान लेकरांची संख्या लई. लेकरू गेलं की दोन मडकी घ्यायची, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत लेकराला ठेवायचं आणि घरातच खड्डा करून पुरायचं. डोकं उत्तरेला. मोठ्या माणसाला पाठीवर निजवून पुरायचे आणि घोट्याखाली पाय तोडायचे. का तोडायचे तर अभ्यासकांचा अंदाज असा की मेलेल्यानं उठून जाऊ नये, भूत होऊन फिरू नये, घरातच राहावं.

त्यातच एक वेगळं दफन निघालं. पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात, कच्च्या मातीचा चार पायांचा भलामोठा रांजण आणि त्यात बसवलेला एक पुरुष, ज्याचे पाय तोडलेले नव्हते. तो गावचा प्रमुख असावा असं म्हणतात. आता तुम्हीच बघा, तीन हजार वर्षांपूर्वी पण पाटलाचा थाट वेगळाच होता.

नेवासं तर आपल्या संभाजीनगरला लागूनच. तिथं पण १९५० च्या दशकात सांकळियांनी खोदलं आणि लेकरांची मडक्यातली दफनं पुष्कळ निघाली, एका लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि त्या मण्यांत दोरा शिल्लक होता, रेशीम आणि कापसाचा. तांब्याच्या गंजामुळं तो टिकला.

सांगायचं हे की आपल्याकडं थडगं शोधायला माळावर जायची गरज नाही, तुमची पांढरी जर तेवढी जुनी असेल तर तिच्याच पोटात असू शकतं. म्हणून ती नुसती माती समजून ट्रॉलीनं उचलू नका.

विदर्भात दगडांची वर्तुळं आहेत म्हणतात, ती काय भानगड?

ती खरी थडगी, म्हणजे वस्तीपासून बाजूला बांधलेली. आपण ज्याला दफनटेकडी म्हणू शकतो तशी. नागपूरजवळ काटोल रस्त्यानं जुनापाणी म्हणून जागा आहे, तिथं अशी तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत. १८६७ ला रिव्हेट-कारनॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथली काही खोदून बघितली, म्हणजे आपल्या देशात या विषयाचं काम झालं त्या सुरुवातीच्या जागांपैकी ही एक. नंतर स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व खात्यानं नीट काम केलं. माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा, भागीमोहारी ही तिकडची बाकीची नावं, शां. भा. देव यांनी तिथं फार काम केलंय.

बांधणी अशी असते. मोठमोठे काळे धोंडे गोल लावायचे, मधी खड्डा किंवा नुसती सपाट जागा, त्यात मेलेल्याची थोडीफार हाडं, मडकी, लोखंडी अवजारं ठेवायची आणि वरून माती अन् दगडगोटे भरून उंचवटा करायचा. हाडं बरेचदा अर्धवटच सापडतात, म्हणजे देह आधी दुसरीकडं कुठंतरी ठेवून नंतर वेचलेली हाडं आणून पुरत असावेत, आणि काही वर्तुळांत तर हाड पण नाही. काळ साधारण इसवी सनापूर्वी आठशे ते तीनशे. जुनापाणीला काही धोंड्यांवर छोटे छोटे वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत, त्याच्यावर लोक अजून डोकं लावतात.

माहुरझरीला माणसाच्या शेजारी घोडा पुरलेला निघाला, घोड्याच्या तोंडावर घालायचा तांब्याचा साज सुद्धा. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. म्हणजे ही घोडे बाळगणारी, लोखंड करणारी माणसं होती, गरीबगुरीब नव्हती. गावातले लोक अशा जागांना गवळ्यांचं म्हणतात, पांडवांचं म्हणतात, आपल्याकडं जे कळत नाही ते पांडवांनी केलेलं असतं हा नियमच आहे.

मग तशी वर्तुळं मराठवाड्यात असतील का?

नकाशा काढून बघा. वर विदर्भात ती आहेत, पूर्वेला तेलंगणात हैदराबादच्या आसपास मौला अलीला आहेत, खाली कर्नाटकात मस्की, हिरेबेणकल आहेत. आपण या सगळ्यांच्या मधी. निजामाच्या राज्यात पुरातत्त्व खातं १९१४ ला निघालं, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख, त्यांनी तेव्हाच या मोठ्या दगडांच्या थडग्यांवर लिहिलं होतं आणि मराठवाडा तर १९४८ पर्यंत त्याच राज्यात. पण मराठवाड्याची पुरातत्त्वात ओळख झाली ती वेरूळ, अजिंठा, पितळखोरा अशा लेण्यांमुळं आणि तेर-पैठणमुळं. माळावरच्या धोंड्यांकडं कोण बघतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की वर्तुळ दिसलं तर लगेच "नसेल काही" म्हणून जेसीबी घालू नका आणि लगेच "आमच्याकडं पण सापडलं" म्हणून बातमी पण देऊ नका. आधी नीट बघा.

नीट बघा म्हणजे कसं बघायचं?

आधी जमीन बघा. विदर्भातली वर्तुळं बहुतेक मुरमाड, पीक न येणाऱ्या माळावर आहेत, जवळ नाला नाहीतर ओढा आणि चांगली काळी रानं थोडी खाली. चांगली जमीन कुणी मेलेल्यांसाठी वाया घालवत नव्हतं, हे आपल्याला पण पटण्यासारखं आहे.

मग दगड बघा. वर्तुळाचे धोंडे मोठे असतात, दोन माणसांनी हलणार नाहीत असे, आणि जमिनीत रुतलेले. रान साफ केल्याचा ढीग असेल तर दगड लहान, हातानं फेकता येतील एवढे आणि बांधाच्या कडेला, त्याला गोल आकार नसतो. खडीचा ढीग असेल तर दगडाच्या कडा फोडल्यासारख्या धारदार दिसतील. जुना धोंडा गुळगुळीत झालेला असतो, त्याच्यावर दगडफुलाचे पांढरे-पिवळे डाग.

खापरं बघा, पण उचलू नका. आतून काळं आणि बाहेरून काठाला काळं, खाली लाल, असं दुरंगी खापर असेल तर ते लोहयुगाकडं, म्हणजे विदर्भातल्या वर्तुळांच्या काळाकडं बोट दाखवतं. नारिंगी-तांबड्या रंगावर काळ्या रेघांची नक्षी असेल तर ते त्याच्याही आधीचं, जोर्वे पद्धतीचं असू शकतं, संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून ते नाव पडलंय. चकचकीत निळी-हिरवी झिलई असली तर ते बहुतेक फार अलीकडचं. खापरं, राख, पाटे-वरवंट्याचे तुकडे, विटा असं सगळं मिसळून भरपूर दिसत असेल तर ती पांढरी, थडगं नाही. विटा लांबरुंद, आजच्या दीडपट-दुप्पट असतील तर सातवाहन काळाचा वास घ्यायला हरकत नाही.

उन्हाळ्यात संध्याकाळी बघायला जा. ऊन तिरपं पडतं, गवत वाळलेलं असतं, जमिनीतला थोडासा उंचवटा पण सावलीनं उठून दिसतो. पावसाळ्यात काहीच कळत नाही.

सोनं असतं का आत?

हा प्रश्न पहिला लिहायला पाहिजे होता, कारण बाकीचे सगळे प्रश्न विचारून माणूस शेवटी इथंच येतो.

थडग्यांमधी काय निघतं तर मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, कट्यारी, घोड्याचे लगाम, तांब्याच्या बांगड्या आणि घंट्या, लाल अकिकाचे मणी. एखादा सोन्याचा बारीक दागिना कुठं कुठं निघालाय, पण हंडा-बिंडा कुठं नाही. हंड्याच्या ज्या गोष्टी आहेत त्या फार अलीकडच्या, रझाकाराच्या काळात, दंग्याच्या काळात लोकांनी भिंतीत आणि जमिनीत काहीबाही पुरलं, त्याच्या. त्याचा आणि तीन हजार वर्षांच्या टेकाडाचा संबंध नाही.

तरी पण दर अमावास्येला कुठंतरी कुणीतरी लिंबू-नारळ घेऊन खड्डा मारतंय. पायाळू माणूस आणायचा, तो पाय आपटून सांगणार इथं धन आहे, भगत पैसे घेणार, आणि सकाळी गावाला दिसणार नुसता खड्डा. यातून माणसांचे जीव गेलेत राव, लेकरांचे बळी द्यायच्या बातम्या आपण वाचल्यात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाखाली केलेली अघोरी कृत्यं स्पष्ट धरलेली आहेत, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच ते पन्नास हजार. तुमच्या रानात कुणी असा उद्योग करत असेल तर पोलीस पाटलाला लगेच सांगा, "आपल्याला काय करायचं" म्हणून गप्प बसू नका, रान तुमचं आहे.

आणि दायमाबादचं? तिथं तर सापडलं होतं ना?

सापडलं, पण सोनं नाही. १९७४ ला श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबादला जळणासाठी झुडपाचं मूळ खणताना काशाच्या चार मोठ्या वस्तू निघाल्या, बैलांचा रथ आणि त्याच्यात उभा माणूस, गेंडा, हत्ती, रेडा. साठ किलोपेक्षा जास्त वजन. असं काम आख्ख्या देशात दुसरीकडं नाही. नंतर तिथं पुरातत्त्वज्ञ साळी यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन पण केलं.

पण गोष्ट पुढं ऐका. त्या चार वस्तू नेमक्या किती जुन्या यावर अभ्यासकांचं आजवर भांडण आहे. कुणी म्हणतं सिंधू संस्कृतीच्या शेवटच्या काळातल्या, कुणी म्हणतं धातूतलं मिश्रण बघता तसं वाटत नाही. भांडण का मिटत नाही तर त्या कोणत्या थरात होत्या, त्यांच्या शेजारी कोणतं खापर होतं, वर कोणती जमीन होती, हे कुणी बघितलंच नाही, बघणारं तिथं कुणी नव्हतं. वस्तू हातात आहे, पण तिचा पत्ता हरवलाय.

मग आम्हीच हळूच थोडं उकरून बघितलं तर? फोटो काढून परत बुजवू.

वरचं उत्तर परत वाचा. टेकाडाचा अर्थ वस्तूत नसतो, थरात असतो. कोणता मणी कोणत्या खापराच्या शेजारी, कोणत्या राखेच्या खाली, यावरून काळ ठरतो. राखेत कोळसा असला तर त्याच्यातल्या कार्बनवरून वय काढता येतं, पण तो कोळसा कोणत्या थरातला हे माहित असलं तरच त्या वयाला किंमत. तुम्ही खड्डा मारून परत बुजवलात की वरचं खाली आणि खालचं वर, तिथं परत काही कळायचं नाही, खातं आलं तरी.

शिवाय परवानगीशिवाय उत्खनन करायला कुणालाच मुभा नाही, प्राध्यापकाला पण नाही, त्याला पण सरकारकडून परवाना घ्यावा लागतो.

काही सापडलं तर ते माझं की सरकारचं?

१८७८ चा निखात निधी कायदा, म्हणजे पुरलेल्या धनाचा कायदा, अजून लागू आहे. जमिनीत लपलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली की सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं, काय सापडलं, कुठं, कधी, अंदाजे किंमत किती. मग जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढून चौकशी लावतो. त्याचा मालक कुणी नाही असं ठरलं, आणि सापडणारा आणि जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा जमीनमालकाचा. सरकारला ती वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा एवढी रक्कम देऊन घेता येते.

कळवलंच नाही तर? हिस्सा जातो आणि वरून एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. जमीनमालकानं लपवायला मदत केली तर त्याला पण सहा महिन्यांपर्यंत. सालगड्याला सापडलं आणि मालकानं दाबलं ही नेहमीची गोष्ट आहे, तर मालकांनो लक्षात असू द्या, कायद्यानं मोठा हिस्सा सालगड्याचा आहे.

जुनी नाणी घेणारा गावात येतो, त्याला विकू का?

नका विकू. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो, त्यांचा धंदा करायला लायसन लागतं आणि देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. मोटारसायकलवर येऊन शिशाची नाणी किलोवर मागणाऱ्याकडं लायसन असेल असं तुम्हाला वाटतं का?

खात्याला कळवलं तर जमीन जाईल ना? खरं सांगा.

या भीतीपायी जेवढी टेकाडं सपाट झाली तेवढी दुसऱ्या कशानं झाली नसतील.

नुसतं कळवल्यानं जमीन जात नाही. जागा संरक्षित करायची असेल तर आधी नोटीस निघते, हरकती घ्यायला दोन महिने मिळतात, आणि संरक्षित झाली तरी सातबारा तुमच्याच नावावर राहू शकतो, संपादन ही वेगळी प्रक्रिया आहे. बंधनं येतात हे खरं. राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक असेल तर त्याच्या हद्दीपासून शंभर मीटरमधी नवीन बांधकाम बंद आणि पुढच्या दोनशे मीटरमधी परवानगी लागते. संरक्षित क्षेत्राच्या आत बांधकाम, खाणकाम चालत नाही, पण शेती चालते, फक्त एक फुटापेक्षा खोल खणायचं नाही, असं १९५८ च्या केंद्राच्या कायद्यातच लिहिलंय. राज्याचा वेगळा कायदा १९६० चा आहे.

प्लॉटिंग करायचं डोक्यात असेल तर अडचण होईल, ते मी गोड बोलून लपवणार नाही. नुसती ज्वारी-तूर घ्यायची असेल तर फारसा फरक पडत नाही.

पांढरीची माती विकली तर काय बिघडलं? सगळेच विकतात.

पूर्वी माळवदाला चार पाट्या, रानाला दोन गाड्या माती जायची, त्यानं टेकाड कमी व्हायला पिढ्या लागायच्या. आता जेसीबी लावला की आठवड्यात आख्खी पांढरी हायवाने गेली, खाली मुरूम उघडा. जे तीन हजार वर्षं साचलं ते कुणाच्यातरी प्लॉटच्या भरावात. शिवाय माती-मुरूम हे गौण खनिज आहे, विकायचं असेल तर तहसीलची परवानगी आणि रॉयल्टी लागते, ती न भरता उचलताना ट्रॅक्टर धरला तर दंडात मातीचा सगळा फायदा जातो. माळवदं तर आता राहिली नाहीत, किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांनी पत्रे आणि स्लॅबच घातले, मग ही माती एवढी लागते कुणाला? वीटभट्टीला आणि भरावाला. त्याच्यासाठी दुसरी माती मिळते की.

टेकाडावर पीक घेतो, ते बंद करू का?

बंद करायची गरज नाही. पलटी नांगर घालू नका, सपाटीकरण करू नका, ऊस लावू नका, विहीर आणि शेततळं दुसरीकडं घ्या. वखरून येणारी पिकं घ्या. उतारावर गवत राहू द्या म्हणजे पावसानं माती धुऊन जात नाही. आंबा-चिंच लावायचा मोह होतो, पण मुळ्या खोल जाऊन थर फोडतात. काळ्या रानात असेल तर आणखी एक, भेगाळणाऱ्या जमिनीत वरच्या वस्तू भेगेतून खाली जातात, म्हणून वर एखादं नवं खापर दिसलं म्हणून टेकाड नवं होत नाही आणि खाली जुनं दिसलं म्हणून जुनं होत नाही.

विहीर खणताना माणसाची हाडं निघाली, काय करावं?

काम थांबवा, पोलीस पाटलाला सांगा. हाडं ताजी आहेत का जुनी हे आधी पोलिसांनी बघायचं असतं, ते टाळून थेट पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं तर उगं तुमच्यावरच शंका. जुनी आहेत असं ठरलं की मग खातं. तोवर ताडपत्री टाका, पाण्यानं धुऊ नका, मडक्यात काही असेल तर आतली माती ओतू नका, लेकराची हाडं बोटभर असतात, मातीसारखीच दिसतात. आणि कृपा करून हार घालून रील काढू नका.

रानातल्या समाधीला हात लावायचा का? शेंदराच्या दगडाला?

समाधी कुणाच्या तरी घरातली आहे, त्या घराला विचारल्याशिवाय नाही, जुनी-नवी हा प्रश्नच येत नाही. टेकाडावर म्हसोबा, मुंजा, आसरा असतील तर असू द्या. वीरगळ किंवा सतीशिळा असेल तर तेलाचे थर देऊ नका एवढंच, नक्षी बुजते. खरं सांगू, मराठवाड्यात जी टेकाडं आज शाबूत आहेत त्यातली निम्मी कायद्यानं नाही, म्हसोबानं राखलीत.

भूत लागतं का?

साप चावतो. टॉर्च न्या.

ती माणसं कोण होती? आपलेच पूर्वज का? कोणत्या जातीची?

शेती करणारी, गुरं पाळणारी माणसं. इनामगावात सातू म्हणजे बार्ली, गहू, डाळी, गुरांची आणि हरणांची हाडं निघाली. उन्हाळा आणि दुष्काळ त्यांना पण होता, शेवटी शेवटी तर पाऊसमान बिघडल्यानं मोठी चौकोनी घरं सोडून गोल झोपड्यांत राहायची वेळ आली असं उत्खनन करणारे सांगतात. जात मात्र हाडावर लिहिलेली नसते, त्यामुळं आमच्या समाजाचं, तुमच्या समाजाचं असा बोर्ड कुणी लावायला आलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

कळवायचं कुणाला आणि कसं?

तहसीलदाराला लेखी अर्ज, एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात, एक राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला. आवक शिक्का मारून पोच घ्या. अर्जात गट नंबर, टेकाडाची अंदाजे लांबी-रुंदी-उंची, वर काय दिसतं ते. फोटोत शेजारी पेन नाहीतर वीत ठेवा म्हणजे आकार कळतो, आणि मोबाईलमधी लोकेशन चालू ठेवून काढा. विद्यापीठाच्या इतिहास आणि प्राचीन संस्कृतीच्या विभागातले प्राध्यापक बरेचदा खात्यापेक्षा लवकर येतात, त्यांना पण सांगून ठेवा. लोकेशन गावच्या ग्रुपवर टाकू नका, रात्रीत खड्डे पडतात.

पोरांना दाखवायला कुठं न्यावं?

सगळ्यात आधी तेर. तिथं रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे, हा गावातलाच माणूस, त्यानं आयुष्यभर तेरच्या टेकाडांवरच्या वस्तू जमवल्या, मणी, खेळणी, मातीच्या मूर्ती, हस्तिदंताची कामं, आणि ते सगळं गावातच राहिलं. शेजारी विटांचं त्रिविक्रमाचं देऊळ बघा, पाठीमागून गोल आहे, मुळात तो चैत्य, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनास्थळ होता. नागपूरकडं जाणं झालं तर जुनापाणी, पण पावसाळा संपल्यावर.

भावकीत वाटणी होतेय, टेकाड कुणाच्या हिश्श्याला द्यावं?

कुणालाच नको असतं, म्हणून ते सगळ्यात धाकट्याच्या नाहीतर पुण्यात राहणाऱ्याच्या गळ्यात पडतं, आणि तो वैतागून माती विकून मोकळा होतो. आमच्याकडं सुचवलेला आणि बऱ्यापैकी पटलेला तोडगा असा की टेकाडाचं क्षेत्र वाटणीपत्रात सामाईक ठेवायचं. सातबाऱ्यावर ते बहुतेक पोटखराब, म्हणजे पीक न येणारं, म्हणूनच लागलेलं असतं, त्याच्यावर आकार म्हणजे सारा नसतो, कर्ज मिळत नाही, पीकविमा नाही, मग कुणाचं नुकसान पण होत नाही. मोजणीच्या वेळी भूकरमापकाला सांगून त्याच्या चारी कोपऱ्यांना दगड रोवून घ्या आणि वाटणीपत्रात एक ओळ टाका की सगळ्या हिस्सेदारांच्या सहीशिवाय इथली माती उचलायची नाही.